ॲगी आत्याची दुसरी घंटा

लायल प्रिचर्ड म्हणायचा, आपल्याला आयुष्यात एकच गोष्ट नीट जमली, ती म्हणजे रंगकाम. ज्यांनी त्याचं रंगकाम पाहिलं होतं ते म्हणायचे, तेवढी एक तरी कशाला धरतोस?

आरमारातून निवृत्त होऊन तो ॲस्टोरियात मासेमारीच्या बोटी रंगवत होता. सकाळी बक श्रोडरच्या बेकरीत कॉफी प्यायची आणि समोर जो कुणी गिऱ्हाईक सापडेल त्याला आपल्या जहाजाची बदनामी ऐकवायची, हा त्याचा नित्यनेम होता. बकही त्याच जहाजावर भटारखान्यात होता, त्यामुळे बदनामीत साक्षीदाराची वाण नव्हती. जहाजाला कागदोपत्री मका पिकवणाऱ्या एका राज्याचं भारदस्त नाव होतं. पण पहिल्याच वर्षी कुणीतरी तिला ॲगी आत्या म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"वरातीमागून घोडं म्हणतात ना, तशी आमची आत्या," लायल सुरू करायचा. "पहिलं महायुद्ध संपलं, लोक घरी गेले, मग ही बांधून तयार! पुढची वीस वर्षं काय केलं? झेंडे लावून बंदराबंदरातनं मिरवली. आणि एकदा सगळे बडे पाहुणे किनाऱ्यावर दुर्बिणी लावून बसलेत, बँड वाजतोय, आणि बाईसाहेब भर दुपारी चिखलात रुतल्या."

"भरतीची वाट बघत बसलो," बक पाव कापता कापता म्हणायचा. "पाहुण्यांना मीच सँडविचं पाठवली."

"मग दुसरं युद्ध. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा आमची आत्या कुठे? तर दुरुस्तीला. आठवडाभर आधी धक्क्यालाच धडकली होती आणि पाण्याखालचा पंखा वाकडा करून घेतला होता. वेंधळेपणाने जीव वाचला! मग म्हणाले, विमानवाहू जहाजांबरोबर जा. तर हिचा वेग असा, की ती पुढे आणि आम्ही त्यांच्या धुराचा वास घेत मागे. शेवटी कंटाळून पाठवलं उत्तरेला, धुक्यात. एका बेटावर तीन दिवस तोफा डागल्या. माणसं उतरली तर बेटावर चिटपाखरू नाही. शत्रू केव्हाच गाशा गुंडाळून पसार झालेला!"

"एक कुत्रं होतं," बक म्हणायचा.

"हो, ते मात्र शेपूट हलवत आलं. आमच्या आत्यानं महायुद्धात जिंकलेला एकमेव कैदी."

त्यानंतर ॲगीने किनाऱ्यांवर खरोखर तोफा चालवल्या होत्या, तिच्यावरची माणसं मेली होती, लायलच्या शेजारच्या झोळीत झोपणारा पोरगा मेला होता. पण ते लायल सांगायचा नाही. गाडी तिथे आली की तो कॉफी मागायचा. माणूस स्वतःवर हसायला लागला की लोक त्याला दुसरं काही विचारत नाहीत, हे त्याला फार पूर्वी कळलं होतं. त्या युक्तीवर त्याचं आयुष्य बरं चाललं होतं.

युक्ती फक्त एका माणसापुढे चालत नव्हती, ती त्याची बायको. इर्मा त्याच्या विनोदांवर हसायची नाही, रागवायचीही नाही. बशा पुसत राहायची.

वसंतात पेपरात बातमी आली की आरमाराने ॲगीला भंगारात विकलं, ओढत ओढत पोर्टलंडला आणलं आणि नदीकाठच्या कारखान्यात तिला तोडायला घेतलंसुद्धा. लायलने बातमी मोठ्याने वाचली, कारण इर्माला आता अक्षर लागत नव्हतं. तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता. उजवा गेल्यात जमा, आणि डाव्याचं डॉक्टर म्हणाले होते की नाताळपर्यंत टिकला तर देवाची कृपा.

"बघ, शेवटीसुद्धा स्वतःच्या पायांनी गेली नाही," लायल हसत म्हणाला. "दोरी बांधून ओढावं लागलं म्हातारीला."

इर्मा हसली नाही. बशी खाली ठेवून म्हणाली, "पुरती तोडायच्या आधी मला ते नाव एकदा बघायचंय. दिसतंय तोवर."

कुठलं नाव, हे लायलने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. त्या घरात ते नाव कुणी घेत नव्हतं इतकंच.

आरमारात एक रीत आहे. खलाशाचं मूल बाप्तिस्म्याला जहाजावर आणायचं, जहाजाची घंटा काढून उलटी मांडायची, तिच्यात पाणी भरायचं आणि पाद्रीबाबांनी त्या पाण्याने बाळाला नाव द्यायचं. मग घंटेच्या आतल्या बाजूला ते नाव कोरायचं. इर्मा आणि लायल यांची मुलगी अशी सॅन पेड्रोच्या बंदरात ॲगीवर आली होती. ओपल तिचं नाव. लायलने तिला त्या एका दुपारीच हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी ॲगीने नांगर उचलला, आणि लायल हवाईच्या वाटेवर असताना ओपल डांग्या खोकल्याने गेली. सहा आठवड्यांची होती. इर्माने एकटीने तिला पुरलं, वर लाकडी क्रूस लावला. पुढे ती जमीनच रस्त्यात गेली, आणि क्रूस कुठे गेला ते कुणी सांगू शकलं नाही. लायल परत आला तेव्हा दारातून आत येऊन त्याने पहिलं काय केलं असेल, तर खिडकीच्या चौकटीचा रंग उडालाय म्हणून ब्रश मागितला. बोलायला गेला असता तर कोसळला असता बिचारा! पण ते इर्माला कसं कळावं? त्या दिवसापासून दोघं बाकी सगळं बोलत आली.

पेपरात हेही होतं, की शनिवारी त्या मक्याच्या राज्याची मंडळी पोर्टलंडला येणार आणि ॲगीची घंटा समारंभाने घेऊन जाणार. लायलने निळी टोपी काढली, बुटांना पॉलिश केलं, इर्माला पिकअपमध्ये बसवलं. बकने साखर लावलेल्या डोनटांची पिशवी घेऊन खिडकीची जागा बळकावली.

नदीकाठी पोचले तर ॲगीचं तोंडच नाहीसं झालेलं. पुढचा भाग कापून काढला होता आणि आतले मजले खणांच्या कपाटासारखे उघडे पडले होते. लायल गाडीतून उतरून बराच वेळ बघत राहिला.

"काय रे, ओळख पटत नाही?" बकने विचारलं.

"पटते ना. माझ्या दातांच्या डॉक्टरने माझंही असंच केलंय," लायल म्हणाला.

मांडवात शाळेचा बँड वाजत होता. मधोमध लाल कापड गुंडाळलेल्या चौकटीत घंटा टांगली होती, तोंड दिसावं इतकी लख्ख. राज्यपालांनी पाठवलेला एक लठ्ठ गृहस्थ ॲगीच्या पराक्रमावर बोलत होता. चिखल, कुत्रं, यातलं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं बहुतेक. भाषण संपेना आणि घंटेची पेटी तर शेजारी उघडी तयार. लायलला धीर निघेना. एकदा पेटीत गेली की गेली मक्यात! तो सरळ पुढे गेला, गुडघ्यावर बसला आणि टोपीसकट डोकं घंटेत घातलं.

आत नावं होती. कॅप्टनच्या मुलाचं, डॉक्टरच्या जुळ्यांचं, ज्याने लायलला चारदा शिक्षा केली त्या लेफ्टनंटच्या मुलीचं. लायलने सगळीकडून पाहिलं, पुन्हा पाहिलं. ओपलचं नाव कुठेच नव्हतं. घाईने डोकं बाहेर काढायला गेला तर टोपी लोलकात अडकली, त्याने हिसका दिला आणि घंटा अशी ठणाणली की बँडमधल्या मुलांना वाटलं आपली पाळी आली. त्यांनी राष्ट्रगीत सुरू केलं. सगळा मांडव उठून उभा राहिला. लठ्ठ गृहस्थाने छातीवर हात ठेवला. आणि लायल प्रिचर्ड, निवृत्त बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, घंटेखाली बसून टोपी सोडवत होता.

परतीच्या वाटेवर बकचं हसू आवरेना. "लेका, चाळीस वर्षं झाली, आत्याने कुणासाठी राष्ट्रगीत वाजवलं नव्हतं!"

लायल हसला नाही. डोळे रस्त्यावर ठेवून म्हणाला, "इर्मा, नाव नव्हतं. बहुतेक त्यांनी कोरलंच नाही. मी समुद्रावर होतो, कुणी पाठपुरावा केला नसेल. माझंच चुकलं."

"कुठली घंटा होती ती?" इर्माने विचारलं.

"कुठली म्हणजे? मागची. ऑफिसरांच्या बाजूची. बाप्तिस्मे तिथेच व्हायचे."

"आपला पुढच्या घंटेत झाला. मागच्यात त्या दिवशी कुणा बड्याचं मूल होतं, म्हणून आपल्याला पुढे नेलं. नांगराची साखळी होती तिथे. माझा मोजा फाटला तिच्यात अडकून."

लायलने गाडी कडेला घेतली. "तू हे कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस?"

त्या दुपारी लायलने घंटेकडे पाहिलंच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष हातातल्या गाठोड्यात होतं, मुंगीएवढी बोटं, पडेल की काय याची धास्ती. एवढी वर्षं तो मागची घंटा धरून बसला होता आणि जिला सगळं आठवत होतं ती रोज समोर बशा पुसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! बकने हातातला डोनट पिशवीत परत ठेवला.

"गाडी वळव," इर्मा म्हणाली.

कारखान्याचा मुकादम एकलंड नावाचा दांडगा स्वीडिश माणूस होता. त्याने लायलला लगेच ओळखलं. "तुम्हीच ना ते, टोपीवाले? या, या! आज काय करमणूक केलीत हो! पण घंटा गेली तुमची."

"दुसरी होती. पुढची."

"पुढून घंटा निघाली नाही, चीफ. पुढचं सगळं त्या ढिगात. लोखंड आहे. उद्या सकाळी तराफ्यावर चढवून भट्टीला."

"लोखंड कसं? काशाची होती."

"काशाचं काही असतं तर माझ्या पोरांनी ते लोखंडात टाकलं असतं होय? कुणाच्या तोंडात काशाचा दात असला तरी हुंगून काढतील. दिसायला कशी होती?"

लायलने खाली बघत सांगितलं, "करडी."

एकलंडने ढिगाकडे हात केला. दुमजली घराएवढा ढीग होता आणि खालपासून वरपर्यंत करडा. "इथे सगळंच करडं आहे, चीफ. कुठल्या गाढवाने या जहाजाला रंग दिला कोण जाणे. बोट बोटभर थर आहेत. कात्री चालत नाही, धूर होतो, माझी माणसं खोकून बेजार. तो भेटला तर मी त्याला—"

"भेटलाय," बक म्हणाला आणि लायलच्या पाठीवर थाप मारली.

गोष्ट अशी होती. आरमारात एक म्हण आहे, की हलेल त्याला सलाम ठोक आणि हलणार नाही त्याला रंग फास. युद्धात हुकूम आला की जहाजावर चकाकणारं काही नको, शत्रूला दिसेल. मागच्या बाजूच्या ऑफिसरांनी आपली घंटा कापडात गुंडाळली. पुढची घंटा बोसन प्रिचर्डच्या ताब्यात होती, आणि त्याने ती आतून बाहेरून रंगवली. मग पुन्हा रंगवली. दर वेळी मन खायला उठलं की तो डबा आणि ब्रश घ्यायचा, आणि त्या दिवसांत मन रोज खायला उठायचं. आत नावं आहेत हे त्याला ठाऊक होतं, पण ती त्याने कधी वाचली नव्हती. ओपलचं नाव त्यात आहे हे मात्र ठाऊक नव्हतं. स्वतःच्या लेकीचं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिंपून टाकलं होतं. आता सांगा, यावर काय विनोद करणार?

"बक, शेंबूड," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"शेंबूड शोध!"

बकला कळलं. घंटेच्या काठावर रंगाचा एक ओघळ सुकला होता, अंगठ्याएवढा. जहाजभर त्याला 'लायलचा शेंबूड' म्हणत. त्याच्यावरून कॅप्टनने लायलला सगळ्यांदेखत झाडलं होतं, आणि नवा पोरगा जहाजावर आला की त्याला तो मुद्दाम नेऊन दाखवत.

दोघं म्हातारे ढिगावर चढले. एकलंडने आधी कपाळावर हात मारला, मग शिव्या घालत दोन माणसं हाताशी दिली. नळ, जाळ्या, कड्या, झाकणं, सगळं करडं, सगळ्यावर लायलचाच ब्रश फिरलेला. जिथे तिथे त्याला आपली कामचुकारी दिसत होती. इथे केस चिकटलाय, इथे धुळीवरच हात मारलाय, इथे चक्क एक माशी रंगवून टाकलीय. "नाचता येईना म्हणून अंगण वाकडं, आणि इथे अंगणही माझंच," तो पुटपुटला. खाली इर्मा काठी धरून उभी होती आणि एकदाही 'सापडली का' म्हणाली नाही.

सापडली ती एका तुटक्या शिडीखाली, तोंड वर करून पडलेली, आत मातीने भरलेली. ठोकली तर मडक्यासारखी बोलली, म्हणूनच पोरांनी सोडली होती. लायलने काठावरून बोट फिरवलं आणि ओघळ हाताला लागला. आपला शेंबूड माणूस ओळखतोच.

खाली आणून माती काढली. एकलंडने रंग खरवडायची पट्टी दिली. लायल खरवडायला बसला, पण घाईत पट्टी घसरून त्याचं बोट कापलं. इर्माने पट्टी काढून घेतली. जमिनीवर फतकल मारून ती घंटेत वाकली आणि डोळे मिटून, बोटांनी चाचपत हळूहळू थर उचलायला लागली. करडे पापुद्रे तिच्या मांडीवर पडत होते. आधी कुणा एडविनचं नाव निघालं, मग कुणा मर्टलचं. मग तिचं बोट थांबलं. तिने ते एकदा डावीकडून उजवीकडे नेलं, पुन्हा नेलं. मग डावा डोळा अगदी जवळ नेला.

"आहे," ती म्हणाली. "अगदी काल कोरल्यासारखं आहे."

तसं ते होतंच. युद्धानंतर मागची घंटा वर्षानुवर्षं रोज घासली गेली होती आणि तिच्यातली नावं पुसट झाली होती. रंगाखालच्या नावांना कुणाचा हात लागला नव्हता.

लायल तिच्याशेजारी बसला आणि रडला. चांगला हमसून रडला, बक आणि एकलंड समोर उभे असताना. बकने डोनटांची पिशवी पुढे केली, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही.

एकलंड घसा खाकरून म्हणाला, "चीफ, अडचण आहे. काशाची घंटा निघाली तर नियमाने मला ती आरमाराला कळवावी लागते. ते घेऊन जातात." मग त्याने घंटेला बाहेरून एक फेरी मारली. "पण मला बाहेरून तर ही गंजकी लोखंडी बादली दिसतेय. रंगच असा दिलाय कुणी गाढवाने, की काही कळायला मार्ग नाही. बादली हवी तर न्या. बाहेरून मात्र खरवडू नका."

"नाही खरवडणार," लायल म्हणाला. "तसंही ते काम निघायचं नाही. मी केलंय."

घंटा पिकअपमध्ये चढवली. बक आपण होऊन मागे तिच्याजवळ बसला, पुढे बसवेना त्याला. नदीच्या कडेकडेने गाडी निघाली. लायल नेहमी या रस्त्यावर अखंड बडबडत असे. आज रस्त्याकडे बघतच त्याने विचारलं, "इर्मा, कशी होती गं ओपल?"

इर्माने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा आता तिला नीट दिसत नव्हता, पण तिने बराच वेळ पाहिलं.

"गोरी," ती म्हणाली. "कान जरा बाहेर आलेले, तुझ्यासारखे. रात्री गप्प आणि दिवसा गोंधळ. माझ्या बोटाला धरलं की सोडायची नाही. आणि नाक, लायल, नाक तर सारखं गळायचं मेलीचं. कितीही पुसा, एक ओघळ कायम. तुझाच रंग तो."

लायल हसला, आणि त्याच्या मागोमाग इर्माही हसली. तिचा असा हसण्याचा आवाज त्याने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"अजून सांग," तो म्हणाला, आणि त्याने गाडी हळू केली.